मदत वेगळी, भरपाई वेगळी

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. बोंडअळीने शेतकरी हवालदिल झाला होता, हवेत दमटपणा होता आणि फवारणीवर फवारणी चालू होती. वऱ्हाडात कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मजूर पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरायचा. पऱ्हाटी कमरेएवढी असली की फवारा खाली जातो. ती डोक्याएवढी असली की नोझल तोंडाच्या उंचीवर धरावे लागते आणि तुषार पुन्हा आपल्याच अंगावर येतात. टाकीचे झाकण सैल असेल तर पाठ आणि कंबर औषधाने भिजते. तोंडाला बांधलेला रुमालही ओला होतो आणि मजूर दिवसभर त्याच रुमालातून श्वास घेतो.

संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या, हातापायाला कंप. पेशंट यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येऊ लागले आणि बघता बघता त्यांची संख्या शेकड्यांत गेली. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. सरकारने विशेष तपास पथक नेमले. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले.

ते २ लाख रुपये सानुग्रह मदत होती. सरकारला दया आली म्हणून दिलेली रक्कम. दुसऱ्याच्या वावरात रोजीने काम करताना जो मजूर गेला, त्याच्या घरच्यांचा कायद्याने जो हक्क बनतो, त्याचा या रकमेशी संबंध नाही. तो हक्क वेगळा, त्याचा हिशेब वेगळा, त्याची दाद मागण्याची जागाही वेगळी. हा फरक गावागावात माहीत असता तर अनेक घरांनी आणखी एक दरवाजा ठोठावला असता. म्हणून हा लेख.

शंभर वर्षांचा कायदा

कामावर जखमी झालेल्याला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच्याही आधी जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणला होता आणि ब्रिटनने १८९७ मध्ये भरपाईचा कायदा केला होता. त्यापूर्वी जखमी मजुराला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. साक्षीदार मालकाचेच नोकर, वकिलाला पैसे नाहीत, आणि ‘तूच बेसावध होतास’ हे उत्तर ठरलेले. नव्या कायद्याने हा वादच बाजूला सारला. काम करताना इजा झाली की मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची हे विचारायचेच नाही. ज्याला कामाचा फायदा, त्याच्यावर कामाच्या धोक्याचा भार, एवढे साधे तत्त्व त्यामागे आहे.

२०१० पासून हा ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधल्या सातव्या प्रकरणाने घेतली. आधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याने चालतात. जुन्या कायद्यात दावा ऐकणाऱ्याला ‘आयुक्त’ म्हणत, संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणतात. भरपाईचा सांगाडा मात्र तोच आहे, म्हणून पुढे सोयीसाठी ‘आयुक्त’ हाच शब्द वापरतो.

कायद्याची कसोटी एकच आहे: इजा कामातून आणि कामाच्या ओघात झाली का? तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम बंद पडले असेल तर हक्क उभा राहतो. मालकाला बचावाच्या ठरावीक वाटा आहेत. मजूर दारूच्या अमलाखाली होता, सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले, एवढ्याच. आणि मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर या तिन्ही वाटा बंद होतात. ‘मी हातमोजे दिले होते, त्याने घातले नाहीत’ एवढे म्हणून मेलेल्या मजुराची भरपाई टळत नाही.

‘हा तर रोजंदारीचा, आमच्याकडे कायम नव्हता,’ हे उत्तर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. एके काळी कायद्यात तशी पळवाट होती, पण २००० सालच्या दुरुस्तीत ती काढून टाकली गेली. सालगडी असो की दोन दिवसांचा मजूर, रोजंदारीमुळे हक्क जात नाही. काम मुकादमाच्या हाताखाली होते, हेही उत्तर पुरत नाही. आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्या मूळ मालकाकडे मजूर थेट भरपाई मागू शकतो. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. वणीच्या कोळसा पट्ट्यात, मुकुटबनकडच्या सिमेंट उद्योगात आणि जिल्हाभरच्या जिनिंगमध्ये ठेक्यावर राबणाऱ्यांसाठी हे कलम फार मोलाचे आहे.

शेतीच्या बाबतीत एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. कोणत्या कामांना कायदा लागू आहे याची यादी कायद्याला जोडलेली आहे. तिच्यात शेती आहे, पण ती ट्रॅक्टरने किंवा यंत्रशक्तीवर, विजेवर चालणाऱ्या साधनांनी केलेली. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, पेट्रोलचा किंवा बॅटरीचा फवारणी पंप वापरणाऱ्या मजुराला या कलमावर बोट ठेवता येते. हाताने दांडा मारायच्या साध्या पंपावर काम करणाऱ्याच्या दाव्याला मात्र हरकत घेतली जाऊ शकते. विष दोन्ही पंपांत एकच असते, म्हणून हा भेद माणुसकीला पटत नाही.

दुसरी यादी व्यवसायजन्य रोगांची आहे. तिच्या पहिल्याच भागात ऑर्गॅनोफॉस्फरस संयुगांची विषबाधा नोंदलेली आहे. या भागातला रोग कामामुळे जडला की कायदा त्याला अपघातच मानतो. २०१७ मध्ये बंदी आलेल्या पाचांपैकी मोनोक्रोटोफॉस आणि ॲसिफेट या गटात मोडतात. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनच्या मिश्रणातले प्रोफेनोफॉसही याच गटातले. डायफेन्थियुरॉन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड हे त्या गटातले नाहीत. तिथे फवारणीमुळेच इजा झाली हे पुराव्याने दाखवावे लागते. कोणते औषध मारले जात होते, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच कोर्टासाठीही महत्त्वाचा आहे तो यामुळे. रिकामी बाटली धुऱ्यावर फेकून दिली की अर्धा दावा तिच्याबरोबर जातो.

हिशेब कसा होतो

भरपाई किती, हे न्यायाधीशाच्या मनावर नसते. त्याचे गणित ठरलेले आहे आणि सातवी-आठवीतल्या मुलालाही ते करता येईल. मृत्यू झाला असेल तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला वयाच्या गुणकाने गुणायचे. वय कमी तेवढा गुणक मोठा, कारण पुढची कमावती वर्षे जास्त. २५ व्या वर्षी तो २१६.९१ आहे, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४५ व्या वर्षी १६९.४४ आणि ६० व्या वर्षी ११७.४१. कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर मजुरीच्या निम्म्याऐवजी ६० टक्के धरायचे. जुन्या कायद्यात हिशेब कितीही कमी आला तरी मृत्यूसाठी किमान १,२०,००० आणि पूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० रुपये द्यावेच लागत.

मजुरी किती धरायची, याला सरकार कमाल मर्यादा घालते. ती २०१० पासून महिना ८,००० रुपये होती आणि जानेवारी २०२० मध्ये १५,००० झाली. आता २०१७ मधला ३५ वर्षांचा एक फवारणी मजूर डोळ्यांसमोर आणा. त्याची महिन्याची मजुरी ८,००० धरू. निम्मे ४,०००. गुणिले १९७.०६. उत्तर येते ७,८८,२४० रुपये. मदत म्हणून जाहीर झालेल्या २ लाखांची जवळजवळ चौपट. शिवाय अंत्यविधीचा खर्च वेगळा, दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

हात-पाय, बोटे, डोळे गेले तर त्याचे टक्केही ठरलेले आहेत. अंगठा गेला तर ३०, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, पंजा गेला तर ६०. जिनिंगमध्ये यंत्रात सापडून पंजा गमावलेल्या, १२,००० रुपये मजुरीच्या ३० वर्षांच्या कामगाराचा हिशेब करू. १२,००० चे ६० टक्के ७,२००, गुणिले २०७.९८, त्याचे पुन्हा ६० टक्के. भरपाई साधारण ८ लाख ९८ हजार.

पण टक्क्यांपाशी थांबू नये. ओडिशातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे होते, नुकसान अर्धवटच झाले. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे अपंगत्व पूर्णच, असा निकाल दिला. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच सुरू होते, निकालाच्या दिवशी नव्हे. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते आणि उशिराला पटण्यासारखे कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. आपल्या फवारणी मजुराच्या उदाहरणात नुसते व्याजच वर्षाला ९४ हजारांवर जाते. निकाल लांबला की नुकसान मजुराचेच, हा समज म्हणून अर्धाच खरा आहे.

‘घेऊन टाका, बाई’

दावा सहसा कोर्टात हरत नाही, तो ओसरीवर हरतो. तेरवी झालेली नसते. दोन-चार प्रतिष्ठित माणसे घरी येतात. ‘झालं ते झालं, काकू. कोर्टात चपला झिजतील. मालक भला माणूस आहे, पन्नास हजार देतो म्हणतो. घेऊन टाका.’ मग स्टॅम्पपेपर निघतो, त्यावर ‘यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे लिहिलेले असते आणि खाली अंगठा उमटतो. येणारे सगळेच वाईट हेतूने येतात असे नाही. त्यांनाही वाटते, हातात काहीतरी पडलेले बरे.

कायद्याने अशा कागदाची ताकद आधीच काढून घेतलेली आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार निरर्थक ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने वारसाच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उचल तेवढी वळती होते. पूर्ण रक्कम आयुक्तांकडे जमा करायची आणि त्यांनी ती विधवा, अज्ञान मुले, आई यांच्यात वाटायची, असा नियम आहे. त्यामागे जुना अनुभव आहे. दिरा-भावांच्या हाती गेलेला पैसा बाईपर्यंत पोहोचेलच असे नसते.

मग तडजोड करूच नये का? करावी. अपंगत्वाच्या दाव्यात आपसात रक्कम ठरवायला कायदा मना करत नाही. पण त्या कराराचे ज्ञापन आयुक्तांकडे नोंदवावे लागते. रक्कम अपुरी आहे, फसवून किंवा दबावाने सही घेतली आहे असे दिसले, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि मालकाने करार नोंदवलाच नाही, तर पूर्ण भरपाईची जबाबदारी त्याच्यावर कायम राहते. चांगल्या मालकाच्याही हिताची वाट हीच आहे. ओसरीवर दिलेले पैसे त्याला पुढच्या दाव्यापासून वाचवत नाहीत. आयुक्तांसमोर नोंदलेला करार वाचवतो.

दरवाजे कोणते

सगळ्यांचा मार्ग एकच नसतो. ज्या कारखान्यात राज्य कामगार विमा लागू आहे आणि पगार २१,००० पर्यंत आहे, तिथला कामगार या कायद्याखाली दावा करू शकत नाही. त्याला विमा महामंडळाकडून दरमहा लाभ मिळतो. कामावरील मृत्यूत वारसांना सरासरी मजुरीच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत.

कापूस वेचणाऱ्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाताना ट्रॉली उलटते, अशी बातमी दरवर्षी कुठून तरी येते. तिथे मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, यांपैकी एकच दार निवडता येते. घाईने एकाकडे अर्ज टाकण्याआधी वकिलाकडून दोन्ही हिशेब करून घ्यावेत. कामावर जातानाच्या अपघाताबाबत २९ जुलै २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला होता आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. २००३ ची ही घटना. कामाशी वेळ, जागा आणि कारण यांचा धागा जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामाच्या ओघातला, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेनेही हे तत्त्व स्वीकारले आहे.

बांधकाम मजुराने कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेली असेल तर कामावरील मृत्यूसाठी वारसांना ५ लाख रुपये मिळतात. बँकेत वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला २ लाख देते.

शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. खातेदार आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख, आणि कीटकनाशकाची विषबाधा तिच्यात स्पष्टपणे धरलेली आहे. पण या योजनेचे दार सातबाऱ्याने उघडते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या वावरात विषाचा पंप वाहतो, तो नेमका बाहेर राहतो. धोका सर्वांत जास्त त्याचा आणि आधार सर्वांत कमी त्यालाच. ही उणीव सरकारने भरून काढलीच पाहिजे.

कीटकनाशक बनवणाऱ्याची जबाबदारी हा आणखी वेगळा प्रश्न. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेन्टा या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात भरपाईची मागणी नोंदवली. तिथल्या कायद्यात सदोष उत्पादनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि ती सरत आली होती. त्यासोबतच ५१ बाधित कुटुंबांची तक्रार स्विस सरकारच्या संपर्क केंद्राकडे गेली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. पण यवतमाळच्या पऱ्हाटीतला प्रश्न बाझलपर्यंत नेता येतो, हे या तिघांनी दाखवून दिले.

पहिल्या आठवड्याचे कागद

दाव्याची मुदत दोन वर्षे आहे, पण दाव्याचा जीव पहिल्या आठवड्यात असतो. दवाखान्यात नेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगावे: कोणाच्या वावरात, कोणत्या दिवशी, कोणते औषध फवारताना त्रास झाला. केसपेपरवर नुसते ‘विष प्राशन’ असे लिहिले गेले तर पुढे ती आत्महत्या ठरवण्याचा धोका असतो. औषधाचा डबा आणि त्यावरची पत्रिका पेशंटसोबत न्यावी. उपचार बरोबर होतो आणि पुरावाही राहतो. पोलिसांत नोंद, पंचनामा, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड, बिले, वयाचा दाखला, सोबतच्या मजुरांची नावे, हे एका पिशवीत राहू द्यावे. मालकाला लेखी कळवावे आणि त्याची प्रत ठेवावी.

वकिलाचा खर्च हा अडसर नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकालावर मालकाला अपील करायचे असेल तर आधी पूर्ण रक्कम भरावी लागते, मगच नागपूर खंडपीठाचा दरवाजा उघडतो.

आता शेतकऱ्याचीही बाजू. तीन एकर कोरडवाहूवाल्याला आठ लाखांचा निकाल झेपणार नाही. तो मालक नावापुरता. सावकाराचे आणि बँकेचे देणे त्याच्याही डोक्यावर असते. मजुराचा हक्क खरा आणि शेतकऱ्याची ओढाताणही खरी. यावर उपाय विमाच आहे. मजुरांची जबाबदारी उचलणारी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, पण ती जिनिंगमालक घेतो, शेतकरी घेत नाही. पीककर्जासोबत पीकविमा पोहोचतो, तसाच मजुराचा विमाही पोहोचवता येईल. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून, सोसायटीमार्फत तो काढला तर भार आणखी वाटला जाईल.

तोवर प्रत्येक घरी होण्यासारखे एक काम आहे. मजुरीच्या हिशेबाची वही जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याकडे असते. नावापुढे रोजाच्या रेघा, उचल, बाकी. त्याच वहीत फवारणीच्या दिवशी आणखी एक ओळ लिहावी: तारीख, मजुराचे नाव, औषधाचे नाव, पंप कोणता, रोजी किती. तिच्याखाली मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा आणि तिचा फोटो त्याच्याही मोबाइलवर जाऊ द्यावा. दवाखान्यात डॉक्टर विचारतील, विमा कंपनी विचारेल, आयुक्त विचारतील, तेव्हा हीच ओळ कामी येईल, आणि ती दोघांच्याही बाजूने बोलेल. येत्या हंगामात पहिला पंप भरण्याआधी वही उघडायची, एवढी सवय लागली तरी खूप झाले.